सर्वपित्रीची दोन पाने

पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला सिस्टर हिल्डा सुई माझ्याकडून ओवून घ्यायच्या. एके दिवशी मी ओवलेली सुई पुढे केली, तर त्यांनी घेतलीच नाही. जर्मनीत, त्यांच्या ड्रेस्डेन शहरावर विमानांनी बॉम्ब टाकले होते आणि त्यांची आई तिथे होती, हे आम्हा मुलींना नंतर कळले. मी शाळा सोडताना त्यांनी आपले चांदीचे अंगुस्तान, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायची ती टोपी, माझ्या बोटात घातले.

मी, मथुरा शिवदास सबनीस, वय चोपन्न, राहणार माहूज, मनामा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे डोके शाबूत आहे. एका बाबतीत मात्र त्यात गोंधळ आहे. तो पुढे येईल.

१. माहूजचा फ्लॅट भाड्याचा. तो मालकाचा मालकाला. नाशिकची जागा आणि बँकेतली शिल्लक मुलगा शिरीष व मुलगी हेमा यांना निम्मी निम्मी. बांगड्या हेमाला.

२. माझे पुरणयंत्र खालच्या मजल्यावरची स्मिता घेऊन गेली, ते तिच्याकडेच राहू द्यावे. मी विसरले, असे मात्र तिने समजू नये.

३. दर सर्वपित्रीला मी गच्चीवर सिस्टरच्या आईचे पान ठेवते. ख्रिश्चन बाईला खीर-वडे पोहोचतात का, हे भटजींना कधी विचारले नाही. वरच्या मजल्यावरचे हॅलम पूर्वी इंग्रजांच्या विमानदलात होते. त्यांनी एकदा विचारले, हे कुणासाठी? मी शहराचे नाव सांगितले.

"आय वॉज देअर, मिसेस सबनीस."

मला वाटले, फिरायला गेले असतील. म्हटले, "सुंदर आहे का हो?"

"आय ओन्ली सॉ इट फ्रॉम अबव्ह," ते म्हणाले आणि खाली बसले. पुढच्या वर्षी टाय लावून आले, आणि पाण्याचा पेला स्वतः पानाशेजारी ठेवला.

ते वारल्यावर मी दोन पाने वाढली. हेमा आणि शिरीष सुट्टीला आले होते. हेमा म्हणाली, "आई, मारणाऱ्याचं पान मेलेलीच्या शेजारी? बायका-पोरं जाळली त्यांनी!"

शिरीष म्हणाला, "ऑर्डर होती. आणि युद्ध लवकर संपलं की नाही? उगाच ड्रामा नको."

"तुझी आई त्या शहरात असती तर?"

त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. शिरीष बोलतो तेव्हा मला त्याचे पटते, हेमा बोलते तेव्हा तिचे. सिस्टरने काय म्हटले असते, कळत नाही. आता रेडिओवर तेहरान आणि बगदादवर पडणाऱ्या बॉम्बच्या बातम्या लागतात. शेजारच्या खदिजाची मावशी तेहरानला आहे. बातम्या लागल्या की खदिजा माझा हात धरून ठेवते. तिला मी काय सांगू?

४. सिस्टरचे अंगुस्तान शिरीषला द्यावे. हॅलम यांनी मला दिलेला रेडिओ हेमाला. अदलाबदल करू नये. मी विचार करूनच लिहिले आहे.

५. सर्वपित्रीचे पितळी ताट दोघांना मिळून. पाने किती वाढायची, एक की दोन, हे मला ठरवता आलेले नाही. ते तुम्ही दोघांनी बोलून ठरवावे. तोवर ताट खदिजाकडे राहील. एकटा आला किंवा एकटी आली, तर तिने चहा पाजावा. ताट देऊ नये.

सही: मथुरा शिवदास सबनीस
साक्षीदार: दत्तप्रसाद केळुसकर, हूरा
साक्षीदार: शब्बीर जमालुद्दीन, माहूज
मनामा, बहारीन, ९ जून १९८५