दोन लाकडांचं टेबल

राणीसरकार,

तुमच्या सुताराचा मुजरा! मी मजेत आहे, खोकलाही गेला.

राजदूतसाहेबांच्या बंगल्यातलं जेवणाचं टेबल झालं एकदाचं. अर्धं आपलं सागवान, अर्धं इथलं अक्रोड. कडेची वेलबुट्टी माझी, पायांवरची नक्षी इथल्या म्हाताऱ्या सुताराची. मधला सांधा असा बसलाय, की नखसुद्धा जाणार नाही. बाईसाहेब म्हणायच्या, "दोन्ही देशांची माणसं इथे एका पंगतीला बसतील."

अजून कुणी बसलेलं नाही. बाईसाहेब मुलांना घेऊन घाईघाईनं परत गेल्या. म्हातारा यायचा थांबला. आमच्याकडे काम करतो म्हणून त्याच्याच गल्लीतल्यांनी त्याचं दुकान जाळलं, असं माळी सांगत होता. तू मात्र बातम्या बघत बसू नकोस. ते लोक राईचा पर्वत करतात.

परवा रस्त्यावर जरा गडबड होती, म्हणून खिडक्यांना फळ्या ठोकत होतो. फळ्या संपल्या. साहेब मान खाली घालून म्हणाले, "मिस्त्री, टेबल घ्या." म्हाताऱ्याचे नक्षीदार पाय कापताना माझा हात चालेना. वरचा भाग दर्शनी खिडकीवर ठोकलाय. बाहेरून दगड बसतात, पण सांधा हललेला नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तू पाण्याच्या बादल्या उचलत नाहीस ना?

आणि हो, पाळण्यासाठी माझी वाट बघू नका. शिसवाच्या फळ्या माळ्यावर आहेत. दादाला म्हणावं, तूच कर. कडा तेवढ्या गोल घास.

तुझाच,
मिस्त्री