एक कंपनी, एक मॅगझिन, एक हर्शेल

३ मे, रविवार. चर्चहून आल्यावर.
निर्णय पक्का. यापुढे माझ्याकडे एकाच कंपनीची पिस्तुलं राहतील. बाकीची सगळी विकणार.
कारण गेला गुरुवार. क्लबची साप्ताहिक मॅच. मी रेषेवर, कानावर मफ, समोर सहा लोखंडी तबकड्या. घंटी वाजली आणि पिस्तुलात गोळ्यांचं मॅगझिन बसेना. दुसऱ्याच पिस्तुलाचं उचलून आणलं होतं. तळहाताने ठोकत राहिलो. लॉयड, म्हणजे माझ्या बायकोचा, नदीनचा, भाऊ आणि आमच्या टीमचा कॅप्टन, मागून म्हणाला, दाजी, थोडं लोणी लावून बघा. अख्खा क्लब हसला.
दोष माझा नाही. घरात आठ पिस्तुलं, सात कंपन्यांची. माणसाने लक्षात तरी किती ठेवायचं? एक कंपनी, एक मॅगझिन, कमरेला एक होल्स्टर. सप्टेंबरात, लेबर डेच्या सुट्टीतल्या शनिवारी, पलीकडच्या काउंटीशी सामना आहे. आमच्या चौघांच्या टीममध्ये मी गेली चौदा वर्षं आहे. यंदा नुसता असणार नाही, पहिला येणार.
नदीनला सांगितलं. बायको म्हणून कौतुक अपेक्षित होतं. म्हणाली, देवाने दहा आज्ञा दिल्यात, त्या आधी पाळ. अकरावी कशाला काढतोस?

४ मे.
अभ्यास. यूट्यूब, सहा तास. पाद्रींच्या घरचा एसी दुरुस्त करायला जायचं होतं, उद्या जाईन. आमच्याकडे मे महिन्यात कोणी उकाड्याने मरत नाही.
हार्टविग कंपनीचं पिस्तूल ठरलं. एका दाढीवाल्याने ते चिखलात पुरलं, वरून ट्रॅक्टर नेला, मग उपसून झाडलं. माझ्याकडे ट्रॅक्टर नाही, पण माहिती असलेली बरी.

८ मे. सकाळी ७.
विकायची यादी केली. भावनेला थारा नाही.
आजोबांचं रिव्हॉल्वर: तो वारसा, हिशेबात धरायचा नाही. चांदीच्या मुठीचं सासऱ्यांनी लग्नात दिलं, ते विकलं तर लॉयड मला विकेल. छोटं पॉइंट टू-टू उंदरांसाठी, त्याला हत्यार कोण म्हणतं? दोन म्हणजे गुंतवणूक. एक बिघडलेलं, घेणार कोण? एक अजून डब्यातून काढलेलंच नाही, तेव्हा ते माझ्याकडे आहे असं म्हणणंच अवघड.
म्हणजे उरलं एक. जुनं डन्स्टन. झिजलेलं, मुठीला हिरवी चिकटपट्टी. चौदा वर्षं दर गुरुवारी तेच वापरतोय, त्यामुळे त्याचं काही विशेष वाटत नाही. जाऊ दे.

९ मे, शनिवार.
जत्रेच्या मैदानावर गन शो. रीतीप्रमाणे डन्स्टनच्या नळीत काडी खोचली, काडीला पुठ्ठा: विकणे आहे. हातात उंच धरून रांगेरांगेने हिंडलो. दोन तास कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग मर्ल बॉगेस नावाचा एक किडकिडीत माणूस आला, खारवलेल्या शेंगदाण्यांची पुडी हातात. त्याने डन्स्टन हातात घेतलं, डोळे मिटले, समोर धरलं, डोळे उघडले, तर नळी अगदी सरळ. म्हणाला, अरे वा. मग विचारलं, दादा, हे तुम्ही का विकताय?
मी त्याला एका कंपनीचं तत्त्व समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं. वाईट वाटलं बिचाऱ्याचं. माझं झिजलेलं पिस्तूल गळ्यात बांधून घेतलं.
लगेच हार्टविग घेतलं. मोठं. पण एका पिस्तुलाची पद्धत होत नसते, म्हणून मधलं आणि खिशातलंही घेतलं.

१० मे. मदर्स डे.
मधलं नदीनला भेट दिलं. रिबन लावून. ती म्हणाली, आठ होती, एक विकलंस, आता दहा झाली. तुला गणित कोणी शिकवलं ते सांग, त्या बाईला मला पत्र लिहायचंय.
हे संक्रमण आहे, असं म्हणालो. ती म्हणाली, फुलंही मिळतात दुकानात.

१४ मे, गुरुवार.
हार्टविगची पहिली मॅच. सहापैकी एक तबकडी पडली. बाकीच्या गोळ्या वरून गेल्या. मागच्या मातीच्या बांधावर कावळा बसला होता, तो उठून लांब गेला. लॉयड म्हणाला, दाजी, तबकड्या खाली आहेत, स्वर्गात नाहीत.
त्याला यातलं कळत नाही. हार्टविगची मूठ जरा जास्त कललेली असते. घाईत हात उचलला की नळी आपोआप वर बघते. माणूस चुकत नाही, कोन चुकतो.

२१ मे.
दोन तबकड्या. नेम धरायच्या साइट्स बदलायला हव्यात.

२८ मे.
साइट्स बदलल्या. एक तबकडी. चाप कडक आहे.

११ जून.
चाप बदलला. मॅच चालू असताना मोठ्या पिस्तुलात मधल्याचं मॅगझिन घालायला गेलो, बसेना. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, मोठं तिसऱ्या पिढीचं, मधलं चौथ्या पिढीचं, त्यांचं जमत नाही. मी म्हणालो, अहो, पण घराणं एकच ना? तो म्हणाला, तुमच्या घरात काका-पुतण्यांचं जमतं?
तूर्त मॅगझिनवर रंगीत ठिपके लावले. लाल मोठं, निळं मधलं. खिशातल्याला ठिपका नको, ते खिशातच ओळखू येतं.

१८ जून.
ओळखू आलं नाही.

२ जुलै. सकाळी ६.
उपाय सापडला. पिस्तूल नव्हे, मनगट बदलायचं. मनगट थोडं खाली मुडपलं की नळी सरळ येते. रोज रिकाम्या पिस्तुलाने दोनशे वेळा हात उचलायचा. तळघरात, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर. चौदा वर्षांची वाईट सवय मोडायला वेळ लागणारच.

१९ जुलै, रविवार.
दोनशेचे तीनशे केले. प्रगती जबरदस्त. मनगट आता न सांगता मुडपतं. सकाळी कॉफीचा मगही मुडपला, नाश्त्याच्या बिस्किटं-ग्रेव्हीवर सगळी कॉफी. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षरस पुढच्या बाकावरच्या बाईंच्या पाठीवर. नदीन म्हणाली, हर्शेल, एकतर ते पिस्तूल सोड नाहीतर स्ट्रॉ वापर.

६ ऑगस्ट.
चार तबकड्या! लॉयडला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, दाजी, मी तिथेच होतो, दोन वाऱ्याने पडल्या. मत्सर.

२७ ऑगस्ट, गुरुवार.
टीमची निवड. सात जणांत चार घ्यायचे. मी सहावा. सातवे पाद्री, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी झालंय.
लॉयडने गाडीपाशी गाठलं. नेहमीसारखा हसला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, दाजी, एप्रिलपर्यंत तुम्ही आमच्यात दुसरे होतात. काय करून बसलात? यंदा तुम्ही गुण लिहा. मी म्हणालो, हरकत नाही, टीमला तांत्रिक माणूस हवाच. गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्लीच फिरवता येईना. मनगटामुळे असावं.

५ सप्टेंबर, शनिवार. घरी आल्यावर.
सामना झाला. हरलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बक्षिसाचं हॅम, डुकराची अख्खी मांडी, पलीकडच्या काउंटीत गेलं.
त्यांचा शेवटचा गडी रेषेवर आला तेव्हा मी पाटी धरून उभा होतो. आधी हिरवी चिकटपट्टी दिसली, मग मर्ल बॉगेस. सहा तबकड्या, सहा गोळ्या. पुन्हा सहा. पुन्हा सहा. प्रत्येक वेळी मलाच लिहावं लागलं. त्याचं नाव लिहिताना स्पेलिंग विचारलं, तर त्याने ओळखलं. दादा, तुम्ही! केवढे उपकार केलेत म्हणून सांगू, म्हणाला. त्याने बाकीची सगळी पिस्तुलं विकून टाकलीत. आता फक्त डन्स्टन. एकच कंपनी. माझंच तत्त्व, म्हणे.
मी त्याला बाजूला घेतलं. तिन्ही हार्टविग घे आणि हे दे, म्हणालो. तो नाही म्हणाला. चांदीच्या मुठीचंही देतो म्हणालो. लॉयड ऐकत होता, तरी म्हणालो. मर्ल म्हणाला, दादा, मागू नका, मला नाही म्हणायला जड जातं. माझे डोळे भरून आले, ते त्याने पाहिलं. मग त्याने पिस्तूल रिकामं करून दाखवलं, माझ्या हातात दिलं, शेंगदाणे द्यावेत तसं भरलेलं मॅगझिनही दिलं. घ्या, म्हणाला, एक फेरी मारून बघा.
सगळे थांबले. नदीनही आली, हातात डेव्हिल्ड एग्जचं, म्हणजे मसाला भरलेल्या अंड्यांचं, ताट. मूठ हातात तशीच बसली. मला खरंच आनंद झाला. लॉयडने घंटी वाजवली. मी हात उचलला, सहा गोळ्या झाडल्या.
सहाही तबकड्या जागच्या जागी. त्यांच्या पुढ्यात सहा ठिकाणी माती उडाली. मनगटाने न सांगता मुडपायचं ते मुडपलंच.
कोणी हसलं नाही. लॉयडसुद्धा. मर्लने पिस्तूल परत घेतलं, रुमालाने पुसलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. होतं असं, म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, डन्स्टन नवख्या माणसाच्या हाताला पटकन बसत नाही.
मी हो म्हणालो.