हॅलॉकवाले

३ सप्टेंबर २०२५
गाडी पुन्हा बसली! डांगे चौकात, सिग्नल हिरवा असताना. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या समस्त पूर्वजांची आठवण काढली — पितृपक्षाला अजून पाच दिवस अवकाश आहे हे त्याला कोण सांगणार.

ढकलत गॅरेजपर्यंत. मिस्त्रीने आधी गाडीकडे पाहिलं, मग नावाकडे. "काका, हॅलॉक? ही कंपनी मेली ना?" म्हटलं, कंपनी मेली, मी आहे. "फ्युएल पंप गेलाय. नवा मिळणार नाही." पाठशाळेत आम्हाला शंका-समाधानाची सवय लावली होती. इथे नुसती शंका.

या कंपनीचा इतिहास मला पाठ आहे, कारण तो मीच लिहिला. ओहायोत दोन भाऊ शेतीची अवजारं करत; १९११ साली त्यांनी मोटार काढली. शंभरावर वर्षं चालली. २००८ मध्ये चाकणला कारखाना आला तेव्हा उद्घाटनाची बातमी माझी — पहिलं पान, तीन कॉलम, "खेडच्या मातीत अमेरिकन चाकं". आठवलं की अजून कानशिलं तापतात. त्याच भरात मी गाडीही घेतली. २०१७ ला इथली विक्री थांबली, गाड्या नुसत्या परदेशी जायच्या. २०२० ला तिकडे अमेरिकेत नावच पुसलं. २०२१ च्या मार्चमध्ये चाकणच्या फाटकाला कुलूप. ती बातमीही माझीच. आठ ओळी, पान पाच.

५ सप्टेंबर
व्हॉट्सअॅपवरचा आमचा समूह — 'हॅलॉक परिवार'. एकसष्ट माणसं, आणि सगळ्यांचं दुःख एक. कुणाचा आरसा फुटलेला, कुणाचं दार लागत नाही. सकाळी सुविचार, दुपारी विलाप.

या वैराण प्रदेशात एकच धन्वंतरी: रणजीत. चाकणजवळच्या गावचा, कारखान्यात जुळणीच्या लाइनवर तेरा वर्षं दारं बसवायचा. काहीही मागा, "बघतो" म्हणतो आणि चार दिवसांत आणून लावून जातो. आरसे, वायपरची मोटर, मागचे दिवे. पैसे बळंबळं द्यावे लागतात. कुठून आणतोस म्हटलं की हसतो.

मी पंप मागितला. उत्तर आलं, "गुरुजी, पंप अवघड आहे." मी संस्कृत शिकलो म्हणून सगळे मला गुरुजी म्हणतात. उपयोग तेवढाच.

१२ सप्टेंबर
तेजस्विनीचा साखरपुडा अठ्ठावीसला ठरला. वाकडला, मुलाच्या घरी. चौदावा मजला. ही म्हणाली, "रिक्षाने जाऊ, नाहीतर ओला बोलवू. काय बिघडतं?"

बिघडतं. मुलीचा बाप ओलातून उतरणार नाही.

रात्री समूहावर टाकलं: "धन्वंतरींची कृपा सर्वांवर. आम्हीच तेवढे अस्पृश्य का? की दक्षिणा आगाऊ हवी?" खाली बत्तीस हसरे चेहरे. जयदीपने — हा वाकडचा, आयटीवाला — लिहिलं, "रणजीतभाऊ, गुरुजींचा शाप लागेल हां!" 

१५ सप्टेंबर
पुन्हा टाकलं. या वेळी अनुष्टुभात. सगळ्यांना फार आवडलं.

२० सप्टेंबर
पंप आला!

रणजीत स्वतः घेऊन आला, मोटरसायकलवर. मागची सीट उचलली, चाळीस मिनिटांत काम फत्ते. त्याचे हात बघत बसावं असे. एकदाही चुकीच्या नटाला पाना लागला नाही. म्हणाला, "लाइनवर एका गाडीमागं बासष्ट सेकंद मिळायची, गुरुजी. आता दिवसच्या दिवस हाय." ही त्याला पोहे खा म्हणत होती. चहा घेतला, निम्मा ठेवला. आज बोलण्यात नेहमीचा खट्याळपणा नव्हता. मी म्हटलं, श्लोक मनावर घेतलास की काय! "न्हाई हो," म्हणाला.

गाडी पहिल्या हाकेला सुरू.

२८ सप्टेंबर
साखरपुडा पार पडला. व्याही खाली पार्किंगपर्यंत सोडायला आले. गाडीकडे बघून म्हणाले, "अरे वा, चालते अजून?" बस्स. एवढ्यासाठी.

२ ऑक्टोबर. दसरा
रणजीतच्या गावी गेलो. त्याच्या वडिलांनी, बबनरावांनी (घरात सगळे आण्णा म्हणतात) बोलावलं होतं — "गाडीची पूजा तुमच्या तोंडून व्हऊ द्या." वय अठ्ठ्याहत्तर. कारखाना उभा राहिला ती जमीन यांची आणि भावकीची. जमिनीच्या बदल्यात मुलाला नोकरी, आणि नोकरीतून ही हॅलॉक. पांढरी. पत्र्याच्या शेडमध्ये, करड्या कव्हराखाली.

कव्हर काढायला हात घातला तर रणजीत आडवा आला. "राहू द्या गुरुजी, धूळ बसंल. वरूनच करा." मग मी कव्हरलाच कुंकू लावलं, कव्हरलाच हार. सूनबाई रुपालीने नारळ फोडला. साक्षात देवही सोवळ्यात एवढा झाकलेला नसतो, मी म्हटलं. बबनराव हसले. "मी रोज कव्हरवरनं फडक्यानं पुसतो. इन्शुरन्स न्हाई म्हून पोरगं भाईर काढत न्हाई. पर दारात हाय ना! सात एकर दारात हुबं हाय, असं समजतो."

रणजीत तेव्हा ताटातली फुलं वेचत होता. खाली मान घालून.

परतताना ठरवलं, या माणसावर लिहायचंच.

६ ऑक्टोबर
छापून आलं. अर्धं पान, फोटोसह. "बंद कंपनीच्या गाड्यांचा वैद्य". शेवटचं वाक्य माझं मलाच आवडलं: "हे दुर्मिळ भाग तो आणतो कुठून? ते मात्र तो सांगत नाही. नुसता हसतो."

समूहावर जल्लोष. रणजीतकडून जोडलेल्या हातांचं एक चित्र, बाकी काही नाही. विनयी माणूस.

९ ऑक्टोबर
रुपालीचा फोन. आधी नुसती रडत होती. "गुरुजी, काय लिहून ठेवलंत हो तुम्ही?"

कारखाना सध्या कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात आहे. आत सुट्या भागांचं स्टोअर, सीलबंद. त्यांच्या माणसाने लेख वाचला आणि तक्रार दिली: हे भाग आमच्याच स्टोअरमधून जात असणार. रणजीतला चौकीवर नेलंय.

शेवटचं वाक्य! सगळा लेख सोडून त्यांनी तेवढ्यालाच लाल रेघ मारली आहे म्हणे.

१० ऑक्टोबर
चौकीवर गेलो. फौजदार सभ्य माणूस. "तुमचाच लेख ना? छान लिहिता." मग रणजीतकडे वळून, "बाबा रे, एवढंच सांग, माल कुठला? पावती दाखव, माणूस दाखव, घरी जा." रणजीत भिंतीकडे बघत उभा.  सोमवारपर्यंत मुदत दिली. नंतर चोरीचा गुन्हा.

बाहेर मी म्हटलं, बोल की रे! "चोर म्हणू द्या, गुरुजी. चालतंय."

चालतं कसं?

११ ऑक्टोबर
आज त्याने दाखवलं.

बबनराव देवळात गेले होते. शेडचं दार आतून लावलं आणि कव्हर एका बाजूने उचललं. गाडी नाहीच. आत पांढरा पत्रा विटांवर उभा. इंजिन नाही, सीटा नाहीत, दिव्यांच्या जागी भोकं. कव्हर फुगलेलं दिसावं म्हणून आत बांबू आणि गोणपाट. चाकांच्या जागी जुने टायर नुसते टेकवलेले.

"पहिला आरसा दिला, देहूच्या एका बाईंना. त्यांचा फोन आला, रणजीतभाऊ, तुम्ही नसता तर... बंद पडल्यापासून मला असं कुणी बोललं नव्हतं. मग दिवा दिला. मग देतच गेलो. जशी लाइनवर चढली तशीच उलटी उतरवली. दारं शेवटाला. ती माझी ना." मग म्हणाला, "आण्णांना सांगू नका. ते जित्ते हाइत तोवर गाडी दारात असू द्या."

दसऱ्याला मी यथासांग पूजा केली ती गोणपाटाची.

१३ ऑक्टोबर
पटवलं. दोन दिवस लागले. तुरुंगात गेलास तर आण्णांना कळणार नाही का, हे शेवटी रुपाली बोलली, तेव्हा तयार झाला.

फौजदार, दोन शिपाई, प्रशासकाचा माणूस, मी. बबनराव खाटेवर बसून होते. रणजीतने स्वतः कव्हर ओढलं.

 प्रशासकाच्या माणसाने मान खाली घातली. बबनराव उठले, जवळ आले, दिव्याच्या भोकात हात घालून पाहिला.

"मंग मी रोज पुसत व्हतो ते काय?"

रणजीत म्हणाला, "आण्णा..."

"न्हाई, इचारतो. चार वरीस पुसत व्हतो. काय व्हतं ते?"

आत गेले. जेवले नाहीत, रुपाली सांगत होती.

पंचनामा झाला. साक्षीदार म्हणून सही माझी: सर्व भाग याच गाडीचे आहेत. समूहातल्या प्रत्येकाने काय घेतलं याची यादी मी करून द्यायची. फौजदार म्हणाले, "यादी आली की फाइल बंद." सुटला!

१५ ऑक्टोबर
यादी करायला बसलो. लोक भराभर कळवतायत, फोटो पाठवतायत. एकवीस नावं झाली.

जयदीपचा संदेश: "गुरुजी, माझा फ्युएल पंप लिहा. १८ जुलै."

दोनदा वाचला. एका गाडीत पंप एकच असतो.

१६ ऑक्टोबर
फोन केला. रणजीतने लपवलं नाही.

"माझा पंप जयदीपला जुलैतच गेला होता. तुम्ही समूहावर रोज बोलत होता. पोरीचा साखरपुडा होता. समाधान माझ्याच लाइनवरचा, आता तिथं वॉचमन. म्हणाला, ये, जुनी लाइन बघून जा. त्याला चहाला पाठवला. स्टोअरची मागची जाळी सैल होती, ते मला ठाऊक. एकच घेतला, गुरुजी. तेरा वर्षांत खिळा न्हाई आणला घरी."

काढून परत देऊ का, मी विचारलं.

"आता दिला तर कुठला म्हणून विचारतील. राहू द्या. चालवा."

मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. जुना पंप पेट्रोलने घमघमतो. याला नव्या प्लास्टिकचा वास होता. हवं होतं काय — कळलं होतं. मी सीट खाली केली आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

१७ ऑक्टोबर
यादी दिली. बावीस नावं. तेविसावं, माझं, लिहिलं नाही.

२० ऑक्टोबर
दिवाळी. हिने लाडू केले. समूहावर फटाक्यांची चित्रं. मी गाडी काढली नाही. ही म्हणाली, "आता चालतेय तर बसवून का ठेवलीय?"

२३ ऑक्टोबर
प्रशासकाने खात्री म्हणून स्टोअरची मोजणी करवली. सगळं जागेवर, एक फ्युएल पंप कमी. समाधानला आजपासून कामावरून काढलं, उद्या चौकीवर बोलावलंय. त्याची मुलगी दिव्या बारावीला आहे.

रणजीतला फोन केला. उचलला नाही. मीही एकदाच केला. तेजस्विनीच्या सासरी हे कळलं तर, असं एक वाक्य दिवसभर मनात फिरतंय. ते पुरं करत नाही.

२४ ऑक्टोबर
रणजीत सकाळी स्वतःहून चौकीवर हजर झाला. पंप मीच घेतला, समाधानचा संबंध नाही, म्हणाला. तो कुणाच्या गाडीत बसवला, हे तीनदा विचारलं. "आठवत न्हाई."

अटक दाखवली आहे. समाधानला सोडलं.

दुपारी कार्यालयातून फोन. चाकण माझ्याकडे, म्हणून बातमी मीच द्यायची. दीडशे शब्द, सहापर्यंत.

साडेपाचला पाठवली. "चोरलेला पंप त्याने एका वाहनमालकास दिल्याचे तपासात निष्पन्न झाले." संपादकांनी एकही शब्द बदलला नाही.