नऊ घरांचा विस्तव

मी ओनोरा गेरॅटी, फिंटन गेरॅटीची विधवा, वय सत्तरीच्या आसपास, राहणार ड्रमगोरा, मेयो परगणा, आयर्लंड, हे मृत्युपत्र फादर कॉस्टेलो यांच्याकडून लिहवून घेत आहे. पाय चालत नाहीत, डोकं चालतं. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला गावात माणसंच किती उरली आहेत?

१. घर जमीनदाराचं आहे, ते मला कोणाला देता येत नाही. शेळी लोहाराला द्यावी. ती त्याच्याखेरीज कोणाचं ऐकत नाही.

२. माझ्या चुलीत नऊ घरांचा विस्तव आहे. दुष्काळात अमेरिकेला निघालेलं प्रत्येक घर आपला निखारा माझ्या चुलीत ठेवून गेलं. परत आल्यावर इथूनच न्यायचा, अशी आमची रीत. चौदा वर्षं मी तो रोज राखेखाली झाकून जपला. न्यायला अजून कोणी आलेलं नाही.

३. मला नसत्या चौकशांची खोड आहे. प्रत्येकाला दारात अडवून विचारलं, "का जाताय?" बटाटा कुजलेला मलाही दिसत होता, पण तो सगळ्यांचाच कुजला होता. कॉर्मॅक म्हणाला, "काकू, ओट चांगला पिकला होता. तो जमीनदाराच्या खंडात गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत बोटीत चढला. ओट जातो, तर मी का नको?" ऊना म्हणाली, "पाव एकराच्या वर जमीन असली की सरकारी लापशी मिळत नाही. म्हणून जमीन सोडली, लापशी मिळाली, मग घर पाडलं. आता ती कुठे बसून खाऊ?" तिची बहीण नेली म्हणाली, "लग्नाची पोरं सगळी बोटीवर, काकू. मी काय तुमच्याशी लग्न करू?"

४. शेजारच्या फेलिम डर्कनला मात्र कधी विचारलं नाही, कारण तो गेला नाही आणि आमचा अबोला होता. पंथ बदलून प्रोटेस्टंट होणाऱ्यांना तेव्हा त्यांच्या मिशनकडून सूप मिळायचं. ते त्याने पोरासाठी घेतलं. पुढे तो आमच्या चर्चमध्ये परत आला, तरी या सूपवाल्याचा निखारा माझ्या दारात येऊ देणार नाही, असं मी विहिरीवर चारचौघींत बोलले होते.

५. मरण्याआधी हेही कळावं म्हणून गेल्या रविवारी फादरना त्याच्याकडे पाठवलं. फेलिम म्हणाला, "तिकिटं काढली होती. पण आईने शपथ घातली, चूल विझवून दार लावायचं नाही. विस्तव ठेवायला शेजारी एकच घर उरलं होतं. तिथे कोणत्या तोंडाने जाणार?" त्या हिवाळ्यात त्याची आई तापाने गेली, आणि पाठोपाठ पोरगाही. हे इथे लिहायची गरज नाही असं फादर म्हणतात. मी म्हणते, लिहा.

६. माझं चुकलं, आणि त्याची भरपाई होईल असं माझ्या घरात काही नाही. जळणाचा ढीग, कुदळ आणि लोखंडी भांडं फेलिमला द्यावं. विस्तवही त्याच्या चुलीत घालावा, पण जपण्याचं बंधन त्याच्यावर नाही. अजूनही जायचं असेल तर त्याने खुशाल त्यावर पाणी ओतावं आणि जावं. नवांपैकी कोणी परत येऊन विचारलं, तर ओनोराने विझवला म्हणून सांगावं.

मजकूर मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी तो बदलायला लावला. आता बरोबर आहे.

ओनोरा गेरॅटी, निशाणी ✕

साक्षीदार:
मॉर्टिमर कॉस्टेलो, धर्मगुरू (लिहिणार)
विनी लॅव्हेल, सुईण

ड्रमगोरा, ३ नोव्हेंबर १८६१