यात बातमी नाही

लातूर,
दि. १२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
मिहिरचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. उज्वलाचा खोकला गेला, माझं पोट मात्र कुठेही गेलेलं नाही. तुमच्या वसतिगृहाच्या टेकडीवर मोबाइलची रेंज चढत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय काम असं आहे की त्याला गोल शिक्का लागतो, आणि तो अजून तरी कागदावरच उमटतो.

तर काम सांगतो. आमची तेल मिल यंदा 'जबाबदार उद्योग' पुरस्कारासाठी उभी आहे. मागच्या दिवाळीत आम्ही तुझ्या मुलींना पाणी शुद्ध करण्याचं मशीन दिलं, त्याला आता वर्ष झालं. अशी अकरा मशीनं आम्ही नांदेड जिल्ह्यातल्या शाळांना आणि वसतिगृहांना दिली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणचं आभारपत्र फाइलला लावायचं आहे. लोकांना आभार मानायला सवड नसते, हे मी नऊ वर्षांच्या नोकरीत शिकलो आहे, त्यामुळे आभारही मीच लिहितो. तुझ्या नावाचं लिहून सोबत जोडलं आहे. तू फक्त सही-शिक्का कर. 'आमच्या ओसाड जीवनात आपल्या रूपाने अमृताची धार आली' हे वाक्य वाचून हसू नकोस. मुखेडच्या आणि बिलोलीच्या मुख्याध्यापकांनाही उत्स्फूर्तपणे हेच वाक्य सुचलेलं आहे. शेवटी 'जनसंपर्क अधिकारी मा. मिहिर साहेब यांची तळमळ' असा उल्लेख आहे. तो घालताना मला जरा लाज वाटली. दुसऱ्यांदा वाचताना नाही वाटली.

आमचा धंदा दिसतो तितका सोपा नाही गं. पुरस्कारासाठी गेल्या महिन्यात काढलेला मुखेडच्या शाळेतला फोटो बघ ना. पोरं मनापासून हसली, पण दातांवर हे पिवळे पट्टे. मिसरी लावतात की काय कोण जाणे. शेवटी आमच्या फोटोग्राफर अजहरला बसवून चौदा पोरांचे दात कॉम्प्युटरवर एकेक करून पांढरे करून घेतले. अजहर म्हणाला की एवढ्या वेळात तो दातांचा डॉक्टर झाला असता.

तुला खरं सांगतो, मी घाबरलो आहे. आमचे शेटजी, गुरुबसप्पा, भला माणूस, पण त्यांच्या जावयाने पुण्याची एक एजन्सी हेरून ठेवली आहे. पुरस्कार मिळाला तर मी मॅनेजर, नाही मिळाला तर मी घरी, इतकं सरळ आहे. घराचे हप्ते आणि माझा रुबाब दोन्ही तुझ्या शिक्क्यावर टेकले आहेत.

दाजी नांदेडहून आले तर नमस्कार सांग. बाकी तुझी माया आहेच, ती या खेपेला परतीच्या टपालाने पाठव.

तुझा,
मिहिर


किनवट,
दि. २० नोव्हेंबर २०२४

चि. मिहिर यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी लिहिलेलं पत्र मिळालं. म्हणजे तू लिहिलेलं माझं पत्र. लाल पेनाने तपासलं, दहापैकी तीन गुण दिले आहेत, तेही अक्षराला. माझं जीवन ओसाड आहे हे मला प्रथमच कळलं. माझ्याकडे एकशे दहा मुली आहेत बाबा, तासभर ओसाडपणा मिळावा म्हणून मी नवस बोलायला तयार आहे. लहानपणी शाळा बुडवल्यावर तू अण्णांच्या नावाने रजेचा अर्ज लिहायचास आणि त्यात 'माझा सद्गुणी मुलगा' असं घालायचास. मोठा झालास, सद्गुण तेवढेच राहिले.

आता हसणं बाजूला ठेवून वाच. मशीन येण्याआधी मुली टेकडीखालच्या विहिरीवरून पाणी आणायच्या, दिवसाला दोन खेपा. आवारातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, ते पिऊ नये, हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं. तुमचं मशीन बोअरवर बसलं आणि खेपा थांबल्या. माझ्याइतका आनंद कुणालाच झाला नसेल. नवी साडी नेसून नळाला हात लावून फोटोत उभी आहे ती मीच, आणि पहिल्या आभारपत्रावर न वाचता सही ठोकली तीही मीच.

गेल्या महिन्यात तालुक्याहून पाणी तपासणारा माणूस आला होता. परवा त्याचा कागद आला. मशीनमधून येणारं पाणी आणि बोअरचं पाणी यांत काही फरक नाही. त्याने मशीन उघडून दाखवलं. आत औषधी दाणे असतात, ते फ्लोराइड धरून ठेवतात, आणि दर सहा महिन्यांनी बदलावे लागतात. ते कुणी बदललेच नाहीत. म्हणजे निदान पाच-सहा महिने माझ्या मुली बोअरचंच पाणी पीत होत्या, आणि फ्लोराइड उकळूनही जात नाही. नळावर तू चिकटवलं होतंस, 'शुद्ध पाणी, निश्चिंत प्या'. ते वाचून मी निश्चिंत झाले. अठ्ठावीस वर्षं मुलांना सांगते आहे की छापलेलं सगळं खरं मानू नका. माझ्यासारखी शहाणी मीच.

नळ मी बंद केला आहे. मुली पुन्हा विहिरीवर जाऊ लागल्या आहेत आणि माझ्याकडे जरा रागानेच बघतात.

तुझ्या पत्रातल्या दातांच्या ओळीवर मी हसून पुढे गेले होते. हा कागद आल्यावर पत्र पुन्हा काढलं. मुखेडचं मशीन किती वर्षांचं आहे, मिहिर? आणि ती पोरं केवढी आहेत? तो माणूस सांगत होता की दात येण्याच्या वयात असं पाणी पोटात गेलं की पिवळे पट्टे पडतात, आणि पीतच राहिलं तर पुढे हाडं धरतात. ती मिसरी नाही रे.

सही केलेली नाही. आधी दाणे पाठव. उज्वलाला आशीर्वाद, तुला कान पकडून आशीर्वाद.

तुझी,
ताई


लातूर,
दि. २८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं ही चूक झाली. घरी वाचलं असतं तर निदान उज्वलाशी भांडता आलं असतं.

अकराही ठिकाणी फोन केले. दाणे एकाही ठिकाणी बदललेले नाहीत. बिलोलीचे मुख्याध्यापक तर म्हणाले की मशीनला दाणे असतात हेच त्यांना माहीत नव्हतं, त्यांना वाटत होतं वीज लागते तेवढीच. मुखेडचं मशीन तीन वर्षांचं आहे. पोरं सात-आठ वर्षांची. हे लिहून मी चहा मागवला. आमच्या ऑफिसात चहा बाटलीबंद पाण्याचा असतो.

पण ताई, मी पडलो नोकर माणूस. शेटजींचा हात उद्घाटनाला सैल आणि दुरुस्तीला आखडता. दरवर्षी नवी मशीनं घेतील, मांडव घालतील, जिलेबी वाटतील, जुन्याकडे बघणार नाहीत. मोठ्या घरांची हीच तऱ्हा. मी काय करणार? चौदा डिसेंबरला पुरस्काराची समिती लातूरला येते आहे. तेवढं एकदा गंगेत घोडं न्हाऊ दे. मॅनेजर झालो की माझी पहिली सही दाण्यांच्या खरेदीवर, उज्वलाची शपथ. (तिला विचारलेलं नाही.) तोवर तुझा नळ बंदच आहे, म्हणजे तुझ्या मुलींना आता काही अपाय नाही. मग सही करायला काय हरकत आहे?

हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा पटलं, म्हणूनच भीती वाटते. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी शिक्का मारून रागाव.

तुझा,
मिहिर


किनवट,
दि. ४ डिसेंबर २०२४

चि. मिहिर यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

सही केली आहे, शिक्काही मारला आहे, पण माझ्या मसुद्यावर. तुझ्या शैलीपुढे तो रुक्षच वाटेल. त्यात एवढंच आहे की मशीन मिळालं, सहा महिने चाललं, नंतर त्यातून वाईट पाणी आलं आणि ते अधीक्षिकेने, म्हणजे मी, वेळेवर तपासलं नाही. अमृताची धार वगैरे काही नाही. फाइलला लाव नाहीतर फाड, तुझ्या हाती आहे.

हाच मजकूर मी वरच्या कार्यालयालाही कळवला आहे. मला नोटीस येईल. निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना कोरी सेवापुस्तिका मिरवायची माझी फार हौस होती. परवा रात्री त्या हौसेसाठी थोडं रडूनही घेतलं, मग बरं वाटलं.

तू वाईट नाहीस. तुला चांगलं दिसायची हौस आहे, आणि आपण दोघं एकाच घरातले. पण शेटजींवर ढकलण्याआधी एक काम कर. देखभालीचा खर्च कधीतरी कुणी मांडला असेल आणि कुणीतरी काढून टाकला असेल. ज्याने काढला त्याला गाठ आणि त्याच्याकडून दाणे आण. तुझ्या मशीनमधून अजून दहा ठिकाणची लेकरं पाणी पीत आहेत. मला झोप लागत नाही.

तब्येतीस जप. गोड शब्द जरा कमी कर, तेही बाधतात.

तुझी,
ताई


लातूर,
दि. १३ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं गाठलं त्याला.

जुनी फाइल काढली. मशीनं विकणाऱ्याने पहिल्याच वर्षी दाण्यांचा आणि तपासणीचा खर्च स्वतंत्र मांडून दिला होता. त्या ओळीवर आडवी रेघ आहे आणि शेजारी शेरा आहे, 'देखभाल वगळावी. यात बातमी नाही.' खाली शेटजींची सही, 'ठीक'. शेरा माझ्या अक्षरात आहे, ज्याला तू तीन गुण दिलेस त्या. 'बातमी नाही' याच्याखाली मी दोन रेघा मारल्या आहेत. चार वर्षं शेटजींच्या नावाने बोटं मोडत आलो, उज्वलासमोर, अजहरसमोर, तुझ्यासमोर. मला स्वतःची किळस आली, ताई. यात विनोद करायचा प्रयत्न केला, जमला नाही.

फाइल घेऊन शेटजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून शेरा वाचला आणि म्हणाले की तू लिहितोस त्यावर मी सही करतो, मला कुठं कळतंय त्यातलं. मग अकराही ठिकाणच्या दाण्यांची मागणी त्यांनी तिथल्या तिथे नोंदवायला लावली. दाणे यायला तीन आठवडे लागतील. तोवर गाजावाजा करायचा नाही, असं बजावलं. आलेले दाणे गुपचूप भरायचे, कुणाला कळायला नको, नाव जाईल. नऊ वर्षं हाच सल्ला मी त्यांना देत आलो, त्यामुळे वाद घालायला मला तोंड नव्हतं.

पण तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस तेच पाणी पिणं. अजहरच्या मोटारसायकलवर मागे बसून तीन दिवसांत दहाही ठिकाणी जाऊन आलो. माझ्या हाताने लावलेला 'निश्चिंत प्या' खरवडून काढला आणि साधा कागद चिकटवला, 'हे पाणी पिऊ नका. यातलं फ्लोराइड जात नाही. चूक आमची आहे.' खाली माझं नाव आणि फोन नंबर. आयुष्यात विशेषण नसलेला मजकूर मी पहिल्यांदाच लिहिला. अजहरने सवयीने फोटोसाठी कॅमेरा वर केला आणि परत खाली ठेवला.

पुरस्काराच्या फाइलमधून बाकी दहा ठिकाणची आभारपत्रं काढली, तेव्हा आत फक्त पुठ्ठा उरला. त्यात तुझं पत्र आणि माझा शेरा लावून फाइल शेटजींच्या टेबलावर ठेवली आहे. समिती उद्या येते. जावईबापू आज माझ्या केबिनची लांबी-रुंदी मोजून गेले. उज्वला म्हणाली की नोकरी गेली तर बघू, पण निदान आता घरात तू कमी बोलतोस.

आज सकाळी पहिला फोन आला. नऊ वर्षं मी जनसंपर्क अधिकारी आहे, आजवर एकाही जनाने माझ्याशी संपर्क केला नव्हता. मुखेडच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या धोंडाबाई बोलत होत्या. कागद मास्तरांकडून वाचून घेतला म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. एवढंच विचारलं की हे पानी पिऊ न्हाई म्हनता, मंग लेकरायनी कोनतं प्यावं, साहेब? मला उत्तर येत होतं. तुझ्या मुलींसारखंच विहिरीवरून आणा, म्हणालो, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे.

त्या म्हणाल्या, हीर तर तुमच्याच कार्यक्रमाला बुजिवली की. तुमचा मांडव तिच्यावरच व्हता.

फोन कानाला तसाच धरून मी मुखेडच्या उद्घाटनाचा फोटो काढून पाहिला. व्यासपीठाखाली ताजी माती दिसते, गोल. तिच्यावर शेटजी उभे आहेत, शेजारी मी हार घालून. विहीर बुजवायची कल्पना कुणाची होती ते मला माहीत नाही. फोटोखालची ओळ माझी आहे, 'विहिरीची गरज आता संपली'. पाण्याचं बघतो, एवढंच धोंडाबाईंना म्हणालो आणि फोन ठेवला.

इथेच थांबतो. मुखेडला टँकर नेणारा कुणी मिळतो का ते बघायला निघालो आहे.

तुझा,
मिहिर