सोनकांबळेचा डबा

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज सोनकांबळेला निलंबित केलं. गोपनीय माहिती फोडली म्हणून खटलाही भरणार म्हणे. उद्या माझा जबाब आहे. कचेरीच्या टँकर शाखेत आम्ही दोघं एकाच टेबलाला बसतो ना.

टँकर ज्या विहिरीवर भरतात तिचं पाणी तपासणीत खराब निघालं. साहेब म्हणाले, लातूर आता वेगळा जिल्हा होतोय, त्याचा समारंभ होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि हा रविवारी आपल्या गावी गेला, तेलाचा रिकामा डबा बडवत गल्लोगल्ली ओरडला, "टँकरचं पानी उकळल्याबिगर पिऊ नका हो!"

सोमवारी टँकर मुकाट्यानं दुसऱ्या विहिरीवर गेले. मग गुन्हा कसला?

डबाच का, मी विचारलं. म्हणाला, "दवंडीची हलगी माझ्या बापानं दीक्षा घेतली तवाच सोडली. ती मी हातात धरनार न्हाई. पन गावाला सांगायचं तर होतं की, भाऊ."

तो डबा काही डोक्यातून जात नाही. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. नियम मोडला हे खरंच, पण... मी म्हणालो, तुझ्यावर खटला व्हायलाच नको. तर हसला. "होऊ द्या की. कोर्टात इचारतील, काय वरडलास? मंग जज्जासमोर पुन्हा वरडतो."

लई मोठ्या काळजाचा माणूस!

तो काय ओरडला, हे उद्या मलाही विचारतील. सांगणार. दार उघडं ठेवूनच, मोठ्यानं सांगणार. बाहेर व्हरांड्यात टँकर मागायला आलेली गावं बसलेली असतात.