शेडवरचे कावळे

हातखंबा, ता. रत्नागिरी
१८ नोव्हेंबर २००४

चि. अवनी हिस,
अनेक आशीर्वाद. वर श्री घातलेला नाही, सुतक अजून फिटायचं आहे.

आज सकाळी शेडमध्ये जाऊन कोंबड्यांना पाणी भरलं. दुपारी तुझी आई पेज देऊन गेली. तुझा प्रबंध महिनाअखेर द्यायचा आहे म्हणून मीच तुला येऊ नको म्हटलं. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

काल तुझ्या मावशीचा दहावा झाला. वहाळाच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या आंब्यावर नुसते बसून होते.

माझा भाऊ सदू म्हणाला, "शेडच्या मागे दिवसभर पडीक असतात मेले. आज बघ कशी मिजास करतायत."

भटजी म्हणाले, "इच्छा राहिली असेल. बोला कोणीतरी."

तुझी आई पुढे झाली. "ताई, भावोजींच्या जेवणाखाणाचं मी बघते गो." मग सदू म्हणाला, "वहिनी, दादाला आम्ही एकटं टाकणार नाही." कावळे हलले नाहीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडून उभा राहिलो. ऊन चढलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परत येताना सदूला आठवलं, त्याने सकाळीच मेलेल्या कोंबड्या कातळावर टाकल्या होत्या. कावळे पोट भरून आलेले. सगळ्यांना ते पटलं. मीही मान हलवली.

तू मे महिन्यात प्रबंधासाठी कावळ्यांची विष्ठा गोळा करायला आली होतीस. ओटीवर चहा घेताना विचारलंस, "काका, कोंबड्यांना खाद्यातून औषध देता का?" मी म्हटलं, आजारी पडल्या तरच. मावशी तिथेच उभी होती. तू गेल्यावर म्हणाली, "पोरगी हे लिहून ठेवणार. तिला खरं सांगा." मी म्हटलं, कळवतो.

खरं असं आहे की पिल्लू आल्यापासून विकेपर्यंत रोजच्या खाद्यात औषधाची पावडर असते. लांज्याचा दुकानदार देतो. पक्षी फारसे मरत नाहीत, वजन लवकर धरतात. सगळेच घालतात, म्हणून मला त्यात काही वाटत नव्हतं. पण तू विचारलंस तेव्हा लपवावंसं वाटलं, म्हणजे आतून ठाऊक होतंच.

ऑगस्टमध्ये तुझं पत्र आलं. आमच्याकडच्या कावळ्यांच्या पोटातले जंतू बऱ्याच औषधांना दाद देत नाहीत, आणि काका औषध घालत नाहीत तर हे आलं कुठून, असं तू लिहिलं होतंस. ते पत्र मी मावशीला दाखवलं नाही.

मग ती आजारी पडली. लघवीतले जंतू रक्तात गेले. डॉक्टर औषधं बदलत राहिले, एकही लागू पडलं नाही. शेवटी शेवटी ती फार बोलत नव्हती. एकदा एवढंच विचारलंन, "अवनीला कळवलंत?" मी हो म्हटलं. तिने डोळे मिटले. तिला बरं वाटलं, हे मला दिसलं.

काल सगळ्यांना जे हवं होतं ते एक वाक्य माझ्याकडे होतं. लोकांसमोर तोंडातून निघालं नाही.

तिच्या आजाराचा पावडरीशी संबंध आहे का, हे मी तुला विचारत नाही. तू नाही म्हणालीस तर मला सुटल्यासारखं वाटेल, आणि तसं वाटायला नको आहे. तुझ्या प्रबंधात मात्र दुरुस्ती कर. माझं नाव घालायचं असेल तर घाल. आईला हे वाचून दाखवलंस तरी चालेल.

सदू पत्र टाकायला रत्नागिरीत नेतो आहे, बाहेर उभा आहे. तो गेला की मी शेडमध्ये जाऊन संध्याकाळचं खाद्य कालवेन. आज नुसता मका आणि पेंड.

तुझा,
परशुराम काका